तुम्ही विचारलंत म्हणून: माळकऱ्याची नात आणि हरणाचं मांस

गेल्या गणपतीत आरतीनंतर एका काकूंनी विचारलं. मावशी तर दर हिवाळ्यात फोनवर विचारतेच: "तुझ्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तू स्वतः अंडंसुद्धा खात नाहीस. मग तिकडे हरणाचं मांस कसं गं वाटतेस?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी अमेरिकेत, पेनसिल्वेनिया राज्यात हॅरिसबर्गजवळ राहते. शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरातल्या फूड पँट्रीत काम करते. ज्यांचं महिनाअखेरीला भागत नाही, ते इथून शिधा नेतात. डबाबंद घेवडा, मका, पास्ता भरपूर येतं. मांस मात्र महाग, शिवाय साठवायला फ्रीझर हवा, म्हणून ते देणगीत क्वचितच मिळतं. डिसेंबरात आमचा फ्रीझर भरतो तो शिकाऱ्यांमुळे.

रायफलीनं हरणाची शिकार करायचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. 2019 पासून तो शनिवारी उघडतो. ज्याला हरीण द्यायचंय, तो त्याला टॅग लावतो, आतडी काढून टाकतो आणि मांसदानाच्या योजनेत नाव असलेल्या खाटकाकडे नेतो. 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' ही संस्था 1991 पासून हे काम बघते. खाटकाची मजुरी शिकाऱ्याला द्यावी लागत नाही. एका हरणाचा साधारण 40 पौंड, म्हणजे 18 किलो खिमा होतो, आणि तो फूड बँकेमार्फत आमच्यापर्यंत पोचतो. रानातल्या हरणाचं मांस विकायला इथे बंदी आहे. ते घरी खायचं, नाहीतर कुणाला तरी द्यायचं.

"पण मारायचंच कशाला?" हा मावशीचा पुढचा प्रश्न. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद केली, ते योग्यच झालं असं मी मानते. इथली हकीकत वेगळी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या राज्यातली हरणं जवळजवळ संपली होती. 1895 साली वन्यप्राण्यांची देखरेख करणारं सरकारी गेम कमिशन आलं, शिकारीवर बंधनं आली, दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. हरणं खाणारे लांडगे आणि प्यूमा मात्र परतले नाहीत. हरणं इतकी वाढली की कित्येक जंगलांत ओकची रोपं गुडघ्याला लागायच्या आत फस्त होतात. हे सगळं समजूनही बंदुकीचा आवाज मला ऐकवत नाही. पहिल्या वर्षी तर मी फ्रीझरकडे जायचंच टाळत असे. बटाटे-कांदे भरायचं काम मागून घ्यायचे.

ते बदललं एका आजींमुळे. 1990 च्या सुमारास ज्या नेपाळीभाषकांना भूतान सोडावा लागला, त्यांची हॅरिसबर्गात मोठी वस्ती आहे. नेपाळमधल्या छावण्यांत अठरा-वीस वर्षं काढून ही माणसं 2008 पासून अमेरिकेत येऊ लागली. त्यांत बरेच जण हिंदू. एका शनिवारी फ्रीझरवरचा माणूस आला नव्हता, म्हणून मी तिथे उभी होते. आजींनी नातवाचा हात धरला होता. मी पुढे केलेलं पाकीट त्यांनी घेतलं नाही. मोडक्या हिंदीत विचारलं, "गाय का है?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एरवी येणारा खिमा गाईचाच असतो. त्या आजी कित्येक महिने मांसाविना पिशवी उचलून घरी जात होत्या, आणि आमच्यापैकी कुणी त्यांना का म्हणून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नहीं माँजी, हिरन का." त्यांनी दोन पाकिटं मागितली. पुढच्या आठवड्यात सांगायला आल्या, मोमो केले होते. या मांसाला चरबी फार कमी, म्हणून कांदा आणि तेल सढळ घातलं. ती युक्ती मी आता सगळ्यांना सांगते.

एक काळजी मात्र मनातून जात नाही. 2008 साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरांनी दान आलेल्या खिम्याच्या पाकिटांचे एक्स-रे काढले, तर आत शिशाचे कण. गोळी आदळली की तिचा चुरा जखमेपासून बराच लांब पसरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. राज्यानं पँट्र्यांना तो खिमा फेकून द्यायला सांगितलं. पुष्कळ शिकारी दुखावले. त्यांचं दुखावणं मी समजू शकते, पण शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, आणि आजींनी बोट धरलेला तो नातू पाच वर्षांचा होता. मिनेसोटात आता असं मांस एक्स-रेखालून जातं. हरणांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचीही तशीच काळजी वाटते. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी रोगट हरीण खाऊ नये असा सल्ला आहे. पेनसिल्वेनियात तो 2012 मध्ये सापडला. फुकट मिळतंय म्हणून गरजूंनी चालवून घ्यावं, हे मला अजिबात मान्य नाही. म्हणून ओळखीच्या प्रत्येक शिकाऱ्याला मी शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरायची विनंती करते. दोघांनी बदललीही.

मी अजून मांस खात नाही, खाणारही नाही. पाकिटं मात्र मीच लावते. फ्रीझरच्या दारावर इंग्रजीखाली देवनागरीत चिठ्ठी असते, नेपाळीतली, आजींनी सांगितलेली: "मृगको मासु. गाईको होइन." या हंगामाची नवी चिठ्ठी कालच लिहून ठेवली.