पोफळीची वाडी : 412 फोटो झाले

वस्तू जराशा हलवत एकेक फोटो काढून मी स्टॉप-मोशन फिल्म करतोय. आज मोजणी केली. 412 फोटो. सेकंदाला 12 फ्रेम, म्हणजे 12 फोटो, धरले तर जेमतेम चौतीस सेकंद. फिल्म दीड मिनिटाची करायची आहे, म्हणजे अजून 668 फोटो बाकी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : विषय आहे 3 जून 2020चं निसर्ग चक्रीवादळ आणि श्रीवर्धनची माझ्या मामाची पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी. एका वादळाचं खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही, हे मान्य. पण चक्रीवादळ उभं राहायला साधारण 26.5 अंशांच्या वर तापलेलं समुद्राचं पाणी लागतं, आणि आपला अरबी समुद्र तापत चाललाय. हे शाळेतल्या मुलांना डोळ्यांनी दिसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तापणारा समुद्र दाखवायचा कसा, यातच दोन आठवडे गेले. निळा जिलेटीन कागद वापरून पाहिला, तर दिव्याची तिरीप दर फोटोत वेगळीच चमकायची. शेवटी रांगोळी घेतली. काळ्या पुठ्ठ्यावर निळी रांगोळी पसरायची आणि दर फ्रेमला चिमूटभर केशरी कोरड्या ब्रशने त्यात मिसळत जायचं. कण प्रत्येक वेळी जरासे सरकतात, त्यामुळे पाणी आपोआप सळसळतं. पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. पंखा मात्र लावता येत नाही, आणि मे महिन्यात त्याची किंमत चांगलीच मोजावी लागते. फिल्ममधली प्लॅस्टिसिनची (मऊ, आकार देता येणाऱ्या मातीची) आजी तर दुपारी कमरेतून वाकायला लागते. तिला मधूनमधून फ्रीजमध्ये ठेवतो.

मोठी चूक ढगांच्या वेळी झाली. कापसाचं वादळ मी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं. आपल्या गोलार्धात ते उलटं फिरतं! चित्र आरशासारखं उलटवून चाललं नसतं, कारण मग कोकण समुद्राच्या पश्चिमेला जातं. 96 फोटो पुसले आणि पुन्हा काढले.

मग मामाला क्लिप पाठवली. तो म्हणाला, "आमच्या पोफळी अशा एकेकट्या नाही पडल्या रे. एक मोडली की शेजारच्या दोघींना घेऊन जायची." आधी मी झाडं सुटी सुटी आडवी केली होती. आता ॲल्युमिनियमच्या तारेवर मास्किंग टेप गुंडाळून नवी खोडं केली आहेत. तीन-तीन एकत्र वाकतात. ते बघायला जास्त त्रास होतो, आणि खरंही तेच आहे.

वादळाला फिल्ममध्ये वीसच सेकंद आहेत. चाळीस सेकंद ठेवलेत नव्या रोपाला. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि नुकसान म्हणजे हा काळ, असं मला वाटतं. फाळक्यांनी 1912मध्ये वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर थोडं थोडं टिपून वाढवलं होतं; तोच धीर इथे लागतो. प्लायवूडला भोक पाडून खोडाची तार खालून दर फ्रेमला अर्धा मिलिमीटर वर ढकलतो. 480 फ्रेममध्ये 24 सेंटिमीटर. काल दहा फोटो झाले, म्हणजे रोप पाच मिलिमीटर वर आलं.

मामाने वादळानंतर लावलेल्या काही पोफळींना यंदा पहिल्यांदा पोय, म्हणजे फुलोरा, आली. त्याने फोटो पाठवलाय, शेवटच्या फ्रेमसाठी. तो फिकट पिवळा काही जमत नाहीये, प्लॅस्टिसिनमध्ये भडकच येतो. पांढरं मिसळलं की खडूसारखं दिसतं. कुणी हा रंग जमवला असेल तर प्रमाण सांगा.