दादरला गाडी बदलताना: बाबांचा चार नंबर आणि माझा चार नंबर

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन कणकवलीला गेले. ते डोंबिवलीला आत्याकडे होते, मी बोरिवलीहून निघाले. भेटायचं दादरला आणि रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडायची. दादरला उतरले तोच बाबांचा फोन: "चार नंबरवर उभा आहे, ये." चार नंबर अख्खा पालथा घातला, बाबा कुठेच नाहीत.

बाबा जुना चार नंबर सांगत होते. दादर ही खरं तर दोन कंपन्यांची दोन स्टेशनं. 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची, आजची मध्य रेल्वे. पश्चिमेकडची बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) कंपनीची. 12 एप्रिल 1867 ला तिची विरारहून पहिली लोकल सुटली, तेव्हा तिच्या थांब्यांत दादर होतंच. 1951 मध्ये कंपन्या जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या, तरी फलाटांचे आकडे दोन्हीकडे एकपासूनच राहिले. अखेर 9 डिसेंबर 2023 पासून सलग आकडे आले: पश्चिमेचे 1 ते 7, मध्यचे 8 ते 14. मध्यचा जुना दोन नंबर त्याआधीच बंद झाला होता, म्हणून बाबांचा चार आता अकरा नाही, दहा आहे. पन्नास वर्षांची सवय, तोंडात जुनाच आकडा येणार. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना आधी विचारा, "वेस्टर्न की सेंट्रल?" आकडा त्यानंतर.

बाबा दहा नंबरवर जिन्याखाली सापडले, पिशवी दोन्ही पायांमध्ये घट्ट धरून. इतका वेळ ते जागचे हलले नव्हते, म्हणून सापडले. चुकामूक झाली तर एकानेच शोधायचं, दुसऱ्याने हलायचं नाही.

लोकलसाठी तिकीट एकच पुरतं. ठाण्याहून वांद्र्याला जायचं तर दादरला बाहेर पडायची गरज नाही, पुलावरून पलीकडे जायचं. मधल्या पुलावर संध्याकाळी मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं; सामान असेल तर टोकाचा पूल गाठा, दोन मिनिटं जास्त चालणं परवडतं. आणि सामान घेऊन संध्याकाळच्या विरार फास्टच्या वाटेला जाऊ नका. आतली माणसं वाईट नसतात, जागाच नसते.

मेट्रोने येणाऱ्यांसाठी: तिसऱ्या मार्गिकेचं दादर स्थानक मे 2025 मध्ये सुरू झालं, पण ते रेल्वेला लागून नाही. सेनाभवनाच्या बाजूला आहे, तिथून पायी दहा-पंधरा मिनिटं धरा. तिकीटही वेगळं.

आता तुतारीबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. गाडी रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. म्हणजे तिकिटावर 15 तारीख असेल तर घरातून 14 ला संध्याकाळीच निघायचं! शेजारच्या काकू नेमक्या एक दिवस उशिरा स्टेशनावर पोहोचल्या होत्या. बुकिंग करताना स्टेशनाचं कोडही बघा: मध्यचं डीआर, पश्चिमेचं डीडीआर. तुतारी डीआरवरून सुटते. फलाट मात्र पाठ करून जाऊ नका, त्या रात्रीचा इंडिकेटर बघा.

आमच्याकडे वेळ होता. पूर्वेला दादर टीटीपर्यंत चालत गेलो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून शेवटची ट्राम सुटली ती इथेच यायला. हिंदू कॉलनीतलं बाबासाहेबांचं राजगृहही याच बाजूला. चैत्यभूमी मात्र पश्चिमेला, शिवाजी पार्कच्या समुद्राकडे. 6 डिसेंबरला लाखो लोक तिथे येतात. त्या दिवशी दादरला गाडी बदलायची असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेवा.

परत येऊन पश्चिमेला उतरलो. इथल्या उड्डाणपुलाला कवी केशवसुतांचं नाव आहे आणि आमच्या गाडीचं नाव त्यांच्याच 'तुतारी' कवितेवरून. हे बाबांना माहीत नव्हतं. पुलाकडे बघत ते शाळेत पाठ केलेल्या ओळी पुटपुटले, मग एका मावशींपुढे थांबले. मावशींनी शेवंतीची वेणी हिरव्या पानात गुंडाळली, वरून दोरा मारला, पाण्याचा हबका दिला. आईसाठी. फुलांचा खरा बाजार पहाटेचा. परतीची तुतारी सकाळी दादरला लागते, तेव्हा जरूर बघा.

कणकवलीला उतरलो तेव्हा पान कडेने सुकलं होतं, वेणी आतून अजून ओली होती.