युटाच्या घळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा

अमेरिकेतल्या युटा राज्यात हँक्सविल गावाला गाडीची टाकी पूर्ण भरून घ्या. तिथून ९५ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की ब्लँडिंगपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर, भरवशाचा पंप नाही. याच रस्त्याला लागून नॉर्थ वॉश नावाचं कोरडं पात्र आहे. नाताळ ते नववर्ष या दिवसांत कॅन्यनियरिंग, म्हणजे दोराने अरुंद घळी उतरण्याचा खेळ, करणारी मंडळी दरवर्षी तिथे तंबू ठोकतात, दिवसा गटागटाने लेप्रकॉन, ब्लार्नी, शिलेली, शेनॅनिगन्स अशा घळींत उतरतात आणि रात्री शेकोटीभोवती दुसऱ्या दिवसाचे गट पाडतात. अमेरिकेत राहणारे, सह्याद्रीत दोर हाताळलेले बरेच मराठी लोक या मेळाव्याविषयी विचारतात. त्यांच्यासाठी हे टिपण.

मुळात हिवाळाच का, तर पुरामुळे. या घळींना सर्वांत मोठा धोका पुराचा, आणि पूर येतात ते मुख्यतः जुलै ते सप्टेंबरच्या वळवांमुळे. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. डिसेंबरात असे वळीव नसतात. त्या बदल्यात थंडी असते. हँक्सविल परिसरात दुपारी पारा पाचच्या आसपास चढतो आणि पहाटे उणे दहापर्यंत उतरतो. दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा. घळीच्या तळाला ऊन बहुतेक पोचतच नाही.

आपल्याकडच्या सांदण दरीत थंडीच्या दिवसांत गेलेल्यांना पहिल्या डोहाच्या पाण्याची आठवण असेल. तिथे पाण्यातून बाहेर पडलं की थोड्या वेळात अंग सुकतं. इथल्या रांजणखळग्यांत पाणी शून्य ते चार अंश असतं, वर बर्फाची साय, आणि बाहेर पडल्यावर अंग सुकवणारं काहीच नाही. त्यामुळे इथलं सगळं नियोजन एका प्रश्नाभोवती फिरतं: ओला माणूस किती वेळ उभा राहणार?

हा हिशेब आकड्यात करून पाहा. एका टप्प्यावर, म्हणजे दोराने उतरायच्या एका कड्यावर, दोर लावायला आणि शेवटी ओढून घ्यायला मिळून दहा मिनिटं, प्रत्येक माणसाला उतरायला पाच. सहा जणांचा गट असेल तर एका टप्प्याला ४० मिनिटं. पाच टप्पे असतील तर तीन तास वीस मिनिटं फक्त दोरावर. बारा जणांचा गट केलात तर टप्प्याला ७० मिनिटं, पाच टप्प्यांना जवळजवळ सहा तास. चालण्याचे, चढण्याचे, अडकण्याचे तास वेगळे. शिवाय पहिला उतरलेला माणूस बाराव्याची वाट पाहत तासभर गारठतो. शेकोटीजवळ ‘आम्हीही येतो’ म्हणत गट फुगत जातो. तिथे ठामपणे नाही म्हणावं. चार ते सहा ही योग्य संख्या. आठ जण झाले तर दोन गट करावेत आणि दुसऱ्याने तासभर उशिरा निघावं, किंवा सरळ वेगळी घळ घ्यावी.

वेळ वाचवायचा दुसरा उपाय म्हणजे दोन दोर. पहिले दोघे उतरले की दुसरा दोर घेऊन पुढच्या टप्प्याचं अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, तयार करायला जातात आणि मागचे शेवटी पहिला दोर ओढून घेऊन येतात. गटातल्या दोघांना तरी स्वतंत्रपणे अँकर बांधता येत असेल तरच हे जमतं, म्हणून गट पाडताना हे पहिल्यांदा विचारायचं.

अँकरविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सह्याद्रीची सवय इथे फसवते. आपला बेसॉल्ट कठीण. त्यात बोल्ट मारला की तो बसतो. लेप्रकॉनसारख्या घळी ज्या नवाहो सँडस्टोनमध्ये कोरल्या गेल्या आहेत, तो म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्या दगड झालेल्या. नखाने ओरखडा काढला तरी वाळू सुटते, आणि ओला झाला की त्याची ताकद आणखी कमी होते. पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर एक-दोन दिवस या दगडावर भार टाकणारं काही करू नये. शिवाय इथली रीत घळीत काही मागे न ठेवण्याची आहे. म्हणून बोल्टपेक्षा नैसर्गिक अँकर चालतात. अडकलेला धोंडा, झाडाचं खोड, नाहीतर दगडांची रास.

रास अशी करतात. कडेपासून मागे, जमल्यास एखाद्या खळग्यात किंवा उंचवट्याच्या आड, ढोपराइतका खड्डा करायचा. पंधरा-वीस किलोचा लांबट धोंडा घेऊन त्याला २५ मिमीच्या विणलेल्या पट्टीचा (वेबिंगचा) वेढा द्यायचा, तोही धोंड्याच्या तळाशी. तो खड्ड्यात आडवा पुरायचा आणि वर, विशेषतः कडेच्या बाजूला, हाताला लागतील तेवढे मोठे दगड एकमेकांत गुंतवून रचायचे. पट्टी जमिनीलगत निघायला हवी. ओढ वरच्या दिशेने गेली की रास उचकटते. मग दोघांनी मिळून खालच्या कोनात जोरात ओढून बघायचं. हिवाळ्यातला धोका असा की सकाळी गोठलेली रेती सिमेंटसारखी घट्ट लागते आणि चाचणीत रास हलत नाही. दुपारी रेती सुटली की तीच रास सरकते. म्हणून चाचणी गोठलेल्या मातीच्या जोरावर पास होतेय की दगडांच्या वजनावर, हे दगड हलवून पाहा.

पहिले उतरणारे सगळ्यांत जड आणि त्यांच्यामागे माणसाचा आधार: एक-दोन जण खळग्यात बसून, दोर आपल्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) थोडा सैल जोडून. सैल अशासाठी की भार आधी राशीवर यावा आणि ती खरी तपासली जावी. शेवटचा माणूस सगळ्यांत हलका, त्याच्यामागे आधार नाही. रास आधीच्या पाच जणांखाली केसभरही सरकली असेल तर शेवटच्याने उतरू नये, रास पुन्हा रचावी.

फिडलस्टिक, म्हणजे गाठीत खुपसलेली काडी खालून दोरीने ओढली की गाठ सुटून सगळा दोर खाली येतो, हे साधन आता बरेच जण वापरतात. शेवटचा माणूस सोडून बाकी सगळ्यांसाठी गाठीला कॅराबिनर (फाटक असलेली धातूची कडी) अडकवून ती बंद ठेवलीच पाहिजे. कोणी चुकून ओढदोरीवर पाय दिला तर गाठ सुटते. ताडपत्रीत वाळू भरून केलेलं, शेवटी खालून ओढून रिकामं करायचं अँकर मात्र कडाक्याच्या थंडीत टाळा. ओली वाळू थिजली की ती रिकामी होत नाही आणि सगळं सामान वर अडकतं.

दोर आठ ते नऊ मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा), आवरण पॉलिएस्टरचं. नायलॉन पाणी पितो, फुगतो, जड होतो आणि गोठल्यावर काठीसारखा ताठ होतो. दोर टप्प्याच्या उंचीइतकाच सोडा. वीस मीटरच्या टप्प्याखाली डोह असेल आणि तुम्ही तीस मीटर सोडलात तर दहा मीटर दोर पाण्यात भिजतो, पायांत गुंतायचा तो वेगळाच. गोठलेल्या दोरावर डिसेंडरचं, म्हणजे उतरताना वेग आवरणाऱ्या साधनाचं, घर्षण बदलतं. बर्फाची पापुद्री असेल तर दोर सर्रकन निसटतो, पुढचा ताठ असेल तर अडतो. घर्षण वाढवता येईल असाच डिसेंडर घ्या आणि कडेवरून वजन टाकण्याआधीच ते वाढवून ठेवा. ओला दोर रात्री उघड्यावर ठेवला तर सकाळी पिशवीतून निघत नाही. तो गाडीत, तुमच्या पायांशी ठेवा.

कपड्यांबाबत मतभेद आहेत. माझं मत असं: कोरड्या घळीसाठी साधे लोकरीचे किंवा सिंथेटिक थर पुरेत. कमरेपर्यंत पाणी असेल तर पाच मिमीचा वेटसूट, खाली निओप्रीनचे मोजे, हातमोजे आणि टोपी. पोहावं लागणार असेल तर पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट, पण त्यावर जुनी जाड जीन्स आणि शर्ट चढवूनच. हा दगड कानशीसारखा आहे. अरुंद जागेत दोन तास खांदे-गुडघे घासत गेलं की उघडा ड्रायसूट फाटतो, आणि फाटलेला ड्रायसूट पाण्याने भरला की वेटसूटपेक्षा वाईट. बर्फाच्या कडाही ब्लेडसारख्या कापतात. डोहावरचा पातळ बर्फ टाचेने फोडत पुढे जा, हातांनी नको. प्रत्येकाच्या पाठपिशवीत पाणी न शिरणाऱ्या थैलीत एक जाड फुगीर जॅकेट आणि कोरडी टोपी असलीच पाहिजे. टप्पा उतरला की आधी जॅकेट चढवायचं, मग दोर सोडायचा.

घळीची श्रेणी वाचताना पहिला आकडा दोराचं काम सांगतो, अक्षर पाण्याचं: A म्हणजे कोरडी किंवा गुडघ्याखाली, B म्हणजे खोल पाण्यातून चालावं किंवा पोहावं लागेल इतकं साचलेलं, C म्हणजे वाहतं. रोमन आकडा वेळेचा. लेप्रकॉन 3A. पण A हे उन्हाळ्याचं गणित झालं. शरदातल्या पावसाने खळगे भरले असतील तर तीच घळ महिनाभर B राहते. R आणि X ही जोखमीची अक्षरं. याच भागातल्या सँडथ्रॅक्स घळीला X आहे, कारण तळापासून खूप उंचावर, दोन भिंतींत हातपाय रेटून, पडल्यास काहीच आधार नाही अशा अवस्थेत चढावं लागतं. गोठलेल्या बोटांनी ते करायला जाऊ नये, आणि शेकोटीवरच्या उत्साहात कोणाला तिथे ओढूही नये. शेनॅनिगन्स वेगळ्या कारणाने त्रास देते: ती इतकी चिंचोळी आहे की रुंद छातीची माणसं अडकतात. जाड कपड्यांत छाती आणखी दोन-तीन सेंटिमीटर वाढते, हे लक्षात घ्या.

अनोळखी लोक एका दोरावर येतात तेव्हा शिट्टीची भाषा आधी ठरवा. एक शिट्टी म्हणजे थांबा, असं बरेच जण धरतात, पण सगळे नाही. दोन शिट्ट्यांचा अर्थ काहींच्या लेखी ‘वर घ्या’, तर काहींच्या लेखी ‘दोर सोडा’. वळणापलीकडून माणूस दिसत नाही, आवाज भिंतींत विरतो. हा घोळ जिवावर बेततो.

माणूस गारठतोय हे ओळखायची खूण म्हणजे हात. गाठ मारायला वेळ लागतो, कॅराबिनरचं फाटक उघडत नाही, बोबडी वळते, विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. या टप्प्याला थांबून कोरडं घाला, गोड गरम प्यायला द्या, चालतं ठेवा. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त झाला, तर ती सुधारणा नसते. त्याला पुढच्या डोहात उतरवू नका.

सॅटेलाइट संदेशयंत्राला घळीच्या तळातून आकाश दिसत नाही, म्हणून छावणीतल्या एका माणसाला लेखी द्या: कोणती घळ, किती जण, गाडी कुठे, किती वाजेपर्यंत न आल्यास शेरीफला (तिथल्या पोलीसप्रमुखाला) फोन करायचा. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून अडीच वाजता एकाहून जास्त टप्पे बाकी असतील तर अंधार गृहीत धरा. डोक्याला लावायचे दिवे प्रत्येकी दोन, आणि लिथियमचे सेल. अल्कलाइन थंडीत मान टाकतात.

छावणीतल्या बारीक गोष्टींत इंधन महत्त्वाचं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, आयसोब्युटेन उणे बाराच्या आसपास. पहाटे चहा हवा असेल तर प्रोपेनची शेगडी आणा. पाण्याच्या बाटल्या उलट्या उभ्या करा, बर्फ वरच्या टोकाला धरतो आणि झाकण मोकळं राहतं. शौचासाठी पिशव्या सोबत आणून भरलेल्या परत न्यायच्या. या कोरड्या मातीत काहीही लवकर कुजत नाही. चालताना पात्रातून किंवा उघड्या दगडावरून चाला. काळपट, खडबडीत दिसणारी मातीची साल जिवंत असते, एका पावलाने मोडली की भरायला वर्षानुवर्षं लागतात.

वेटसूट संध्याकाळी आल्याबरोबर उलटा करून पिळा आणि गाडीत टांगा. तंबूबाहेर ठेवलात तर सकाळी तो फळीसारखा उभा राहील, आणि त्यात पाय घालायला गरम पाण्याची अख्खी किटली जाईल.