ब्रसेल्स ते रुसे: युरोपीय संघाच्या नव्या कायद्यांच्या वाटेने केलेला प्रवास

नोव्हेंबर 2025 मध्ये मी बेल्जियम, लक्झेंबर्ग, रोमानिया आणि बल्गेरिया असा प्रवास केला. युरोपीय संघाचे कायदे जिथे संमत होतात ती सभागृहे आणि ते कायदे जिथे प्रत्यक्ष माणसाच्या वाट्याला येतात त्या सीमा, बाजार आणि स्थानके एकाच फेरीत पाहावीत, असा त्यामागचा हेतू होता. 27 सभासद देशांच्या या संघात गेल्या दोन-तीन वर्षांत इतके नियम बदलले आहेत की 2023 सालच्या प्रवासवर्णनावर विसंबून निघालेल्या माणसाची आज निश्चित अडचण होईल. म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना अशी, की कोणत्याही युरोपीय कायद्याची बातमी वाचताना तो संमत कधी झाला यापेक्षा तो लागू कधी होणार हे शोधावे, कारण या दोन तारखांमध्ये काही महिन्यांचे किंवा काही वर्षांचेही अंतर असू शकते.

याचा सर्वांत ठळक दाखला विमानतळावरच मिळतो. बिगर-युरोपीय प्रवाशांच्या प्रवेशाची आणि निर्गमनाची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा कायदा, ज्याला सगळे ‘ईईएस’ म्हणतात, 2017 साली संमत झाला. यंत्रणा सुरू झाली 12 ऑक्टोबर 2025 रोजी. आणि सर्व सीमा चौक्यांवर ती पूर्णपणे लागू करण्यासाठी 10 एप्रिल 2026 ही मुदत ठरवण्यात आली. या मधल्या काळात मी गेलो असल्यामुळे चेहऱ्याचे छायाचित्रही घेतले गेले आणि पासपोर्टावर शिक्काही बसला. बोटांचे ठसे मात्र मागितले गेले नाहीत, कारण आपल्यासारख्या व्हिसाधारकांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात आणि ते व्हिसाच्या माहितीसाठ्यात असतात. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांना चेहरा आणि चार बोटांचे ठसे असे दोन्ही द्यावे लागतात. ब्रिटिश किंवा अमेरिकी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या नातेवाइकांसोबत प्रवास करणार असाल, तर त्यांची रांग वेगळी असेल आणि पहिल्या नोंदणीला वेळही जास्त लागेल, हे गृहीत धरावे. त्यांच्यासाठी ‘एटियास’ ही 20 युरो शुल्काची पूर्वपरवानगी 2026 च्या अखेरच्या तिमाहीत सुरू व्हायची आहे. भारतीय पासपोर्टावर शेंगेन व्हिसा (आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) घेऊन जाणाऱ्यांचा तिच्याशी संबंध नाही, त्यामुळे ती मिळवून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. पुढचे विमान पकडायचे असल्यास पहिल्या शेंगेन विमानतळावर किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, असे माझे मत आहे.

व्हिसाबाबतचे दोन बदल आपल्या थेट उपयोगाचे आहेत. 11 जून 2024 पासून प्रौढांचे शुल्क 90 युरो आणि 6 ते 11 वर्षांच्या मुलांचे 45 युरो झाले. दुसरा बदल सुखावह असून तो पुरेशा लोकांना माहीत नाही, याची मला खंत वाटते: एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी जे नियम ठरवले, त्यानुसार मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरलेल्या अर्जदाराला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर, पासपोर्टाची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा. जुन्या व्हिसांची पाने आणि शिक्के असलेल्या पानांच्या स्पष्ट प्रती अर्जासोबत जोडाव्यात आणि पासपोर्टाची मुदत संपत आली असेल तर आधी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे.

सामानाबद्दलही सांगणे आवश्यक आहे. संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, चक्का आणि घरचे तूप हे सगळे त्यात आले. डिसेंबर 2019 पासून अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन वगळता ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून ताजा कढीपत्ताही नको. हा नियम कागदावरचा नाही, हे कोकणाला वेगळे सांगायला नको. फळमाशी आढळल्याच्या कारणावरून 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर आणि त्यासोबत वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्या आयातीवर बंदी घातली होती, आणि आंब्यावरची बंदी उठण्यासाठी 2015 उजाडावे लागले. रत्नागिरी-देवगडच्या एका हंगामाचे भवितव्य ज्या शहरात ठरले, ते शहर पाहण्याची इच्छा मला तेव्हापासूनच होती.

ब्रसेल्समध्ये शुमान चौकाभोवती आयोगाचे बर्लेमाँ भवन आणि सभासद देशांच्या सरकारांच्या परिषदेचे युरोपा भवन समोरासमोर आहेत, तर संसदेची इमारत तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 13 नोव्हेंबर रोजी संसदेची छोटी बैठक ब्रसेल्समध्येच होती आणि प्रेक्षागृहात बसण्याची संधी मिळाली. व्यक्तिगत पाहुण्यांना जागा उपलब्ध असेल तसे, साधारण तासाभरासाठी आत सोडतात. मूळ पासपोर्ट सोबत असणे अनिवार्य आहे. हेडफोनवर 24 अधिकृत भाषांपैकी कोणतीही निवडता येते. एक सदस्य लिथुआनियन भाषेत बोलत असताना त्याच क्षणी उरलेल्या सगळ्या भाषांत त्याचे म्हणणे पोहोचत होते, आणि लहान देशाच्या भाषेलाही कायद्याच्या दालनात पूर्ण मान कसा देता येतो, हे पाहून मी अक्षरशः भारावून गेलो. मुख्य अधिवेशने फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला होतात, तेव्हा ब्रसेल्सचे सभागृह रिकामे असते; त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी संसदेचे वार्षिक वेळापत्रक पाहणे अत्यावश्यक आहे.

त्या दिवशीची दोन मतदाने महत्त्वाची होती. 2040 पर्यंत हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन 1990 च्या तुलनेत 90 टक्क्यांनी घटवण्याच्या उद्दिष्टाला संसदेने पाठिंबा दिला. त्याच बैठकीत कंपन्यांवरील पर्यावरण-अहवालाची आणि पुरवठा साखळीतील जबाबदारीची बंधने सैल करण्याच्या बाजूनेही 382 विरुद्ध 249 मते पडली: पुरवठा साखळीतील मानवाधिकार आणि पर्यावरण तपासण्याचे कर्तव्य 5,000 हून अधिक कर्मचारी आणि 1.5 अब्ज युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरतेच ठेवावे, अशी संसदेची भूमिका ठरली. एकाच दुपारी एक पाऊल पुढे आणि एक मागे, असे हे चित्र होते. युरोपीय कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या चाकण-भोसरीच्या कारखानदारांनी ही चर्चा जवळून पाहायला हवी, कारण मोठ्या कंपनीवर टाकलेले बंधन शेवटी तिच्या पुरवठादाराला भरून द्याव्या लागणाऱ्या कागदांत उतरते. शिवाय पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खते यांसारख्या मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनाचे मूल्य सीमेवर आकारण्याची व्यवस्था 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष शुल्काच्या टप्प्यात गेली आहे.

संसदेतले मत हा शेवट नसतो. आयोग प्रस्ताव मांडतो, संसद आणि परिषद आपापल्या भूमिका ठरवतात आणि मग तिघांच्या वाटाघाटी होतात. परिषदेत बहुतेक विषयांवर 55 टक्के देश आणि त्यांत 65 टक्के लोकसंख्या असे दुहेरी बहुमत लागते. ही सारी प्रक्रिया नीट समजून घ्यायची असेल तर संसदेच्या शेजारचे पार्लमेंटेरियम हे प्रदर्शन पाहावे. ते विनामूल्य आहे. सोमवारी सकाळी मात्र बंद असते.

तिथे समजून घेण्यासारखा सर्वांत उपयुक्त मुद्दा म्हणजे नियमन आणि निर्देश यांतला भेद. नियमन सर्व देशांत जसेच्या तसे लागू होते. निर्देश गाठायचे उद्दिष्ट सांगतो आणि त्यासाठीचा कायदा प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने करतो. पाण्याची बाटली विकत घेतल्यावर हा भेद हातात येतो. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरील 2019 च्या निर्देशामुळे 3 जुलै 2024 पासून बाटलीचे झाकण बाटलीला जोडलेलेच असते, हे चारही देशांत सारखे दिसले. रिकाम्या बाटल्या परत गोळा करण्याचे लक्ष्यही त्याच निर्देशात आहे, पण मार्ग वेगळे आहेत: ब्रसेल्समध्ये प्लास्टिकच्या बाटलीवर अनामत नव्हती, तर रोमानियात नोव्हेंबर 2023 पासून प्रत्येक बाटलीमागे अर्धा लेउ (तिथले चलन) अनामत घेतली जाते आणि दुकानातल्या यंत्रात बाटली टाकल्यावर ती परत मिळते. बाटली चेपू नये, कारण यंत्राला तिच्यावरचा संकेत वाचता यावा लागतो. चार्जरचे काम सोपे झाले आहे: 28 डिसेंबर 2024 पासून विक्रीस येणाऱ्या फोन व टॅब्लेटना यूएसबी-सी हेच तोंड बंधनकारक आहे, आणि लॅपटॉपसाठी ही तारीख 28 एप्रिल 2026 आहे.

लक्झेंबर्गला जाताना रेल्वेचे तिकीट सीमेपर्यंतच काढावे, कारण देशाच्या आत 2020 पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांना विनामूल्य आहे. किर्शबेर्ग भागात युरोपीय न्यायालय आहे. मी पोहोचण्याच्या काही दिवस आधीच, 11 नोव्हेंबर रोजी, या न्यायालयाने पुरेशा किमान वेतनाविषयीच्या 2022 च्या निर्देशावर निकाल दिला होता. वेतन ठरवणे हा संघाचा अधिकारच नाही, असा डेन्मार्कचा दावा होता. न्यायालयाने निर्देशाचा बहुतांश भाग कायम ठेवला आणि दोन तरतुदी रद्द केल्या. संघ आणि सभासद देश यांच्या अधिकारांची सीमा इतक्या बारकाईने आखली जाते, हे मला या संपूर्ण रचनेचे बलस्थान वाटते.

शेंगेन हे मोझेल नदीकाठचे लहानसे गाव बसने सहज गाठता येते. 14 जून 1985 रोजी पाच देशांनी येथे ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या नौकेवर सीमामुक्त प्रवासाच्या करारावर सह्या केल्या. गावातले संग्रहालय करारास चाळीस वर्षे झाली तेव्हा नव्याने खुले झाले आहे. पूल ओलांडला की जर्मनीतले पेर्ल गाव लागते, आणि तिथे जाताना पासपोर्ट खिशात ठेवावा, कारण जर्मनीने 16 सप्टेंबर 2024 पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली असून तिची मुदत वारंवार वाढवली आहे. 2024 मध्ये सुधारलेल्या सीमासंहितेत अशा तात्पुरत्या तपासणीला कालमर्यादा घातली आहे. तरीही ज्या गावाने मुक्त सीमेला नाव दिले, त्याच्याच दारात ही तपासणी व्हावी, याचे दुःख होते.

सीमा उघडण्याचा आनंद पाहायचा असेल तर पूर्वेकडे जावे. रोमानिया आणि बल्गेरिया 2007 पासून संघाचे सभासद असूनही शेंगेनच्या बाहेर राहिले होते. 31 मार्च 2024 रोजी हवाई आणि सागरी सीमांवरील तपासणी उठली, आणि ऑस्ट्रियाचा विरोध मावळल्यावर 1 जानेवारी 2025 पासून भूसीमाही खुल्या झाल्या. लक्झेंबर्गहून रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला, उतरल्यावर पासपोर्टाची खिडकीच लागली नाही. बुखारेस्टहून बल्गेरियातल्या रुसेला जाणारी बस जुर्जूपाशी डॅन्यूब ओलांडते. 1954 च्या या पुलावर पूर्वी मालमोटारींच्या रांगा तासन्‌तास खोळंबत असत. मी गेलो तेव्हा पुलाच्या दुरुस्तीमुळे जो वेळ लागला तेवढाच. शेजारी बसलेल्या रुसेच्या वृद्ध बाईंनी चौकीची बंद खिडकी मला बोटाने दाखवली आणि त्या प्रसन्न हसल्या. प्रवासाच्या आखणीच्या दृष्टीने याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी: या दोन देशांतले दिवसही आता शेंगेनमध्ये राहण्याच्या 180 दिवसांतल्या 90 दिवसांच्या मर्यादेत मोजले जातात, म्हणून ‘मधले दिवस बल्गेरियात काढा’ हा जुना सल्ला आता घातक आहे. आयर्लंड आणि सायप्रस मात्र अजूनही शेंगेनबाहेर आहेत.

रुसेच्या बाजारात प्रत्येक वस्तूवर लेव्ह (बल्गेरियाचे तेव्हाचे चलन) आणि युरो अशा दोन किमती होत्या, कारण 8 ऑगस्ट 2025 पासून तसे बंधन होते. 1 जानेवारी 2026 रोजी 1 युरोला 1.95583 लेव्ह या दराने बल्गेरिया युरोक्षेत्राचा एकविसावा देश झाला. दुहेरी किमती 8 ऑगस्ट 2026 पर्यंत दिसतील. त्या दराने भागाकार करून पाहावा आणि फरक आढळल्यास विचारावे. रोमानियात मात्र लेउच चालतो. एका देशात घेतलेले सिम संघातल्या इतर देशांत रोमिंगच्या वेगळ्या दराशिवाय चालते, पण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असूनही या नियमात येत नाही, म्हणून तिथे जाताना डेटा बंद ठेवावा.

परतीच्या विमानाविषयी शेवटचे. युरोपीय विमानतळावरून निघणारे विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमनाचे संरक्षण मिळते. मुंबईसारख्या 3,500 किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषामुळे मोठा विलंब झाला तर भरपाई 600 युरोंपर्यंत जाते. मुंबईहून जाताना मात्र हे संरक्षण युरोपीय कंपनीच्या विमानालाच आहे. जून 2025 मध्ये परिषदेने लांबच्या प्रवासासाठी विलंबाची अट तीन तासांवरून सहा तासांवर नेण्याची आणि भरपाई 500 युरो करण्याची भूमिका घेतली, परंतु हे लिहीपर्यंत त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून काउंटरवर कोणी सहा तासांचा नियम सांगितला तर तो मान्य करू नये, विलंबाचे कारण लेखी मागावे आणि बोर्डिंग पास जपून ठेवावा.