पिवळ्या पट्ट्यांचा गालिचा

माझ्या सामानात सर्वांत जुनी वस्तू म्हणजे एक गालिचा. दोन मीटर लांब, दीड मीटरहून थोडा जास्त रुंद, काळा, खालून रबर लावलेला. त्यावर पिवळ्या गॅफर टेपचे तुकडे चिकटवलेले आहेत. स्टुलाचे तीन पाय कुठे, स्नेअरचा (समोरच्या छोट्या, कडक आवाजाच्या ड्रमचा) स्टँड कुठे, हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) कुठे, किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या बेस ड्रमच्या) पेडलची टाच कुठे, हे सगळं त्या पट्ट्यांवर लिहिल्यासारखं आहे. जर्मनीत राहून रॉक बँडबरोबर ड्रम वाजवत फिरायला लागून मला नऊ वर्षं झाली. तेवढ्यात तीन व्हॅन बदलल्या, दोन बेस गिटारवाले बदलले, स्नेअर बदलला. गालिचा तोच आहे.

तो अंथरला आणि खुणांवर स्टँड उभे केले की हात आपोआप जिथे जायला हवेत तिथे जातात. राइड सिंबल, म्हणजे एका बाजूची मोठी झांज, दोन सेंटिमीटर लांब गेला तर बघणाऱ्याला कळणारही नाही. पण एका कार्यक्रमात हजारो ठोके मारायचे असतात आणि तसे सोळा कार्यक्रम एकोणीस दिवसांत करायचे असतात. ते दोन सेंटिमीटर दहाव्या दिवशी खांद्यात ठणकायला लागतात. म्हणून पट्ट्या.

तुम्ही फोटो बघता आणि विचारता, "किती मज्जा असेल ना!" असते. त्याबद्दल मला जराही शंका नाही. पण फोटोत दिसतात ती चाळीस-पन्नास मिनिटं. बाकीचा दिवस कसा जातो ते आज सांगते, कारण माझ्या मते ड्रमरचं खरं काम तिथेच होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला हॉलच्या मागच्या दाराशी व्हॅन लागते. याला लोड-इन म्हणतात. सर्वांत जास्त सामान ड्रमचं, जोडायला सर्वांत जास्त वेळ ड्रमला, आणि साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाज-तपासणीची, सुरुवातही ड्रमपासूनच होते. त्यामुळे सर्वांत आधी आत मी आणि रात्री सर्वांत शेवटी बाहेर मी. हॉलच्या टोकाला बसलेला साउंड इंजिनिअर माइकवरून म्हणतो, "किक." मी फक्त बेस ड्रम वाजवत राहते, एकसारखा, त्याचं समाधान होईपर्यंत. मग "स्नेअर." मग हाय-हॅट, मग एकेक टॉम, म्हणजे मधले ड्रम, मग सगळं एकत्र. ही पंधरा मिनिटं ऐकायला रटाळ असतात, पण मला ती फार आवडतात. रिकामा हॉल तुमच्याशी तेव्हाच बोलतो.

आम्ही बहुतेक वेळा सपोर्ट बँड असतो, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारे. मुख्य बँडचा साउंडचेक आधी होतो. त्यांचे ड्रम उंच चौथऱ्यावर मांडलेले असतात आणि ते कुणी हलवत नाही. त्यांच्या पुढ्यात उरलेल्या दीड मीटरच्या पट्टीत आम्ही चौघं. पुष्कळदा जागेअभावी ड्रमही त्यांचेच वापरावे लागतात. तेव्हा पाळायचा रिवाज असा, की मोठे ड्रम आणि जड स्टँड त्यांचे. पण स्नेअर, सिंबल, पेडल आणि स्टूल ज्याचं त्यानं आणायचं. या चार वस्तूंना सगळे ‘ब्रेकेबल्स’ म्हणतात. माझ्या दृष्टीनं मात्र ड्रमरचा आवाज याच वस्तूंत असतो. टॉम कुणाचाही चालतो. स्नेअर आणि हाय-हॅट परके असतील तर मी मुक्या माणसासारखी बसते.

आता हॉलविषयी. युरोपातल्या कितीतरी जागा मुळात संगीतासाठी बांधलेल्याच नाहीत. ॲमस्टरडॅमचं पॅराडिसो हे १९व्या शतकातलं प्रार्थनामंदिर. १९६८ पासून तिथे रॉकचे कार्यक्रम होतात. त्याच शहरातलं मेल्कवेग म्हणजे जुना दूध कारखाना, आणि झुरिकची रोटे फाब्रिक ही तळ्याकाठची लाल विटांची फॅक्टरी. अशा प्रत्येक खोलीत तोच ठेका वेगळा ऐकू येतो. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या जागेत किकचा आवाज मारल्यानंतरही रेंगाळत राहतो आणि पुढचा ठोका त्यावर जाऊन पडतो. तिथे जोर लावून उपयोग नाही. उलट कमी वाजवावं लागतं. स्नेअरवरचे बारीक, जेमतेम ऐकू येणारे ठोके मी अशा जागी सरळ सोडून देते, कारण ते श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, नुसता चिखल होतो. याउलट बुटक्या छताच्या, काळ्या रंगाच्या तळघरात आवाज निघतो आणि तिथेच मरतो. तिथे प्रत्येक चूक उघडी पडते. त्यात आणखी एक गोष्ट. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये ऐकलेला आवाज रात्री मिळत नाही. माणसांची अंगं, त्यांचे जाड कोट आवाज शोषून घेतात. दुपारी घुमणारी खोली रात्री चारशे माणसांनी भरली की गप्प होते. दुपारी जे ऐकलं त्यावरून रात्रीचं ओळखायचं, हे मला यायला पाच वर्षं लागली.

हिवाळ्यात आणखी एक काळजी. रात्रभर व्हॅनमध्ये गारठलेले सिंबल आत आणल्या आणल्या मी वाजवत नाही. आधी पिशवीतून काढून ठेवायचे, खोलीची ऊब लागू द्यायची. चांगला सिंबल साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथलाच्या कांशाचा असतो. हा धातू कडक, म्हणूनच इतका सुंदर वाजतो. पण गारठलेला असताना जोरात मारला तर तडा जाण्याची भीती असते. ड्रमच्या पडद्याचं तसं नाही. पूर्वी तो कातड्याचा असायचा आणि दमट हवेत ढिला पडायचा. १९५७ मध्ये रेमो बेलीनं प्लास्टिकचा पडदा बाजारात आणला, आणि माझ्यासारख्यांचं फिरणं सोपं झालं. पावसातून येऊन अर्ध्या तासात वाजवायला बसता येतं ते त्या माणसामुळे. मी त्याचं मनापासून ऋण मानते.

शरीराबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही. ब्लाँडी या बँडचा ड्रमर क्लेम बर्क याच्यावर ब्रिटनमधल्या चिचेस्टर आणि ग्लॉस्टरशर विद्यापीठांतल्या संशोधकांनी कित्येक वर्षं अभ्यास केला. कार्यक्रमात त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० पडायचे आणि मध्येच १९० पर्यंत जायचे. फुटबॉल खेळणाऱ्याचे पडतात तसे. फरक इतकाच, की फुटबॉलपटू दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना खेळत नाही. बर्क २०२५ मध्ये गेला. त्याच्यामुळे ड्रम वाजवणं हे अंगमेहनतीचं काम आहे हे आकड्यांत मांडलं गेलं, याचं मला फार मोल वाटतं. दुसरी आठवण जेनेसिस या बँडच्या शेवटच्या दौऱ्याची. मार्च २०२२ मध्ये लंडनला तो संपला. त्यांचा गायक आणि पूर्वीचा ड्रमर फिल कॉलिन्स खुर्चीवर बसून गात होता आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता, कारण फिलच्या हातांना आता ड्रमची काठी धरवत नाही. त्या दौऱ्याची चित्रफीत बघितल्यापासून मी रोज वाजवायच्या आधी वीस मिनिटं हात आणि पाठ मोकळी करते. एकही दिवस चुकवत नाही.

आणि कान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. हिशोब करा: १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. स्नेअर माझ्या कानापासून हातभर अंतरावर असतो. तरुण ड्रमर मुलं कानबोळे न घालता वाजवताना दिसली की मी त्यांच्याशी ओळख नसतानाही जाऊन बोलते. मला राहवत नाही. या बाबतीत स्वित्झर्लंडचा नियम मला पटतो. तिथे कार्यक्रमाचा आवाज तासाच्या सरासरीनं ९३ डेसिबलच्या वर जाणार असेल तर प्रेक्षकांना तसं सांगावं लागतं आणि दारात कानबोळे फुकट द्यावे लागतात. १०० च्या पुढे तर जायचंच नाही. सगळीकडे असं असायला हवं.

स्वित्झर्लंडचं नाव निघालं म्हणून सांगते. तो देश युरोपियन युनियनच्या जकात संघात नाही, त्यामुळे सीमेवर आमच्या सामानाचा कार्नेट नावाचा कागद दाखवून शिक्के घ्यावे लागतात. त्यात प्रत्येक वस्तूची नोंद असते, वजन आणि किमतीसकट. एक पेडल राहिलं तरी परतताना उत्तर द्यावं लागतं. आमची यादी मीच करते, कारण मोजण्यासारखं सामान माझंच सर्वांत जास्त.

रस्त्यावरचे तास दोन प्रकारचे. आपली व्हॅन असते तेव्हा आम्ही आळीपाळीनं चालवतो. दोन तास झाले की चालक बदलायचा आणि रात्रीच्या कार्यक्रमानंतर शंभर किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, हा आमचा स्वतःचा कायदा. एका दौऱ्यात मात्र मुख्य बँडनं आम्हाला त्यांच्या झोपायच्या बसमध्ये जागा दिली होती. तिथे कायदा सरकारी. साडेचार तास चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाला ९ तास चालवायची मुभा, आठवड्यातून दोनदा १०. बसमध्ये एकावर एक अशा अरुंद फळ्या असतात, पडदा ओढला की गडद अंधार. पहिल्या रात्री चालकानं एकच गोष्ट बजावली: पाय गाडीच्या तोंडाच्या दिशेला करून झोपायचं. जोरात ब्रेक लागला तर डोकं आदळण्यापेक्षा पाय आदळलेले बरे. मी अजून हॉटेलातही कधी कधी झोपायच्या आधी क्षणभर विचार करते, की गाडीचं तोंड कुठे आहे.

रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स १९६७ पासून दौऱ्यावर ज्या ज्या खाटेवर झोपला तिचं चित्र काढून ठेवायचा. वह्यांच्या वह्या भरल्या होत्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते नुसतंच गमतीचं वाटलं. आता समजतं. इतक्या खोल्यांत आपण राहतो आणि एकही आठवत नाही. काहीतरी हातानं केलं तरच ती रात्र आपली होते.

जर्मनीतल्या पुटगार्डनहून डेन्मार्कच्या रोडबीला जाणारी बोट ४५ मिनिटांत पलीकडे पोहोचते. समुद्राखालून १८ किलोमीटरचा बोगदा होतो आहे; तो झाला की वेळ वाचेल हे खरं, पण मला ती बोट हवी आहे. व्हॅन खाली सोडून वर जावं लागतं आणि पाऊण तास कुणालाच काही करता येत नाही. गेल्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात याच बोटीवर, वारा खात उभी असताना, माझ्या लक्षात आलं की गालिचा व्हॅनमध्ये नाही.

आदल्या रात्री हॉल रिकामा करायची घाई होती. मी तो गुंडाळून भिंतीला उभा केला आणि तिथेच विसरले. चूक माझी.

त्या रात्रीचं स्टेज गुळगुळीत लाकडी होतं. दुसऱ्याच गाण्यात किक पुढे सरकायला लागला. प्रत्येक ठोक्यागणिक बोटभर. मी डाव्या पायानं हाय-हॅट सांभाळत, उजव्या पायानं वाजवत, मांड्यांनी स्नेअर धरून ठेवत होते. तिसऱ्या गाण्यानंतर तिथली स्टेजवर काम करणारी मुलगी वाकून, प्रेक्षकांना न दिसता आली आणि तिनं किकच्या कडीला दोरी बांधून ती माझ्या स्टुलाच्या पायाला आवळली. आता मी स्टुलावर बसले असेपर्यंत ड्रम जागचा हलणार नव्हता. माझ्याच वजनानं तो धरून ठेवला होता. कार्यक्रम पार पडला. पण त्या रात्री माझे हात सारखे चुकीच्या जागी जात होते आणि मी किती एकटी पडले होते ते सांगून कळणार नाही.

ज्या हॉलमध्ये गालिचा राहिला होता तिथे मी फोन केला. ते म्हणाले, उद्या इथे एक बँड आहे, ते चार दिवसांनी कोलोनला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. आम्ही कोलोनला सहाव्या दिवशी पोहोचणार होतो. गालिचा तिथल्या स्टेजमागच्या खोलीत ठेवलेला असेल, असं ठरलं.

तो होता. नीट गुंडाळून, दोरी बांधून. उलगडला तर माझ्या पिवळ्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या आणि त्यांच्या शेजारी निळ्या पट्ट्या होत्या. त्या बँडच्या ड्रमरनं वाटेत तो वापरला होता. मी उकिडवी बसून पट्ट्या वाचायला लागले. त्याचा हाय-हॅट माझ्या उलट्या बाजूला, म्हणजे तो डावखुरा. पेडल स्टुलापासून माझ्यापेक्षा वीतभर लांब, म्हणजे पाय लांब. स्नेअरची खूण दोनदा हलवलेली, म्हणजे त्यालाही पहिल्या रात्री ती जागा पटली नव्हती. नाव मला माहीत नाही, चेहरा बघितलेला नाही.

सामान आत यायला अजून वेळ होता. मी स्टूल त्याच्या निळ्या खुणांवर ठेवलं आणि बसले. सगळं आरशातल्यासारखं उलटं. रिकाम्या हवेत हात चालवून बघितले, त्याचा हाय-हॅट कुठे असेल तिथपर्यंत.

मग सामान आलं. मी स्टूल पिवळ्यावर ओढलं, ड्रम लावले, आणि हॉलच्या टोकाहून माइकवर आवाज आला, "किक."