मुलगी होती की मुलगा?

रात्री वहिनीचा फोन. जेवलीस का वगैरे झाल्यावर, आज काय केलंस? म्हटलं, इनामगावच्या उत्खननातल्या हाडांची एक पेटी उघडली, तान्हं बाळ आहे. यावर बाकीचे 'सोनंबिनं सापडतं का गं' विचारतात. ती म्हणाली, "मुलगी होती की मुलगा?"

सांगता येत नाही, म्हटलं. "बरं," म्हणाली आणि गॅस सिलिंडरवर गेली.

साडेअकरा झाले तरी ते 'बरं' डोक्यातून जात नाहीये. एवढ्या लहानाच्या हाडांवरून लिंग ठरत नाही. कटीच्या हाडातला फरक वयात येताना दिसायला लागतो. फॉर्मवर मी 'अनिश्चित' लिहिते, पेन अडखळतसुद्धा नाही. वय सांगता येतं. जबड्याचा तुकडा भिंगाखाली धरला की आत दुधाच्या दातांच्या टोप्या दिसतात, मूळ न फुटलेल्या, अंड्याच्या टरफलासारख्या पातळ. हिरडीबाहेर यायचे राहूनच गेलेले.

तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी कुणीतरी दोन राखी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली, आत हे. घराच्या जमिनीखालीच. वर पुन्हा चालणं, झोपणं.

मोठ्यांबद्दल आमच्याकडे उत्तरं तयार असतात. घोट्याखाली पावलं तोडलेली? मेलेला भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला चाळिशीचा पुरुष, पावलं शाबूत? गावचा प्रमुख. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथं खोदलं, दोनशेवर दफनं निघाली, त्यात पोरंच जास्त. नाव झालं रांजणातल्या बाबांचं.

आणि मला एक साधा प्रश्न झेपला नाही. दादा म्हणतो तशी बँकेची परीक्षा द्यायला हवी होती. निदान कुणी काही विचारलं की स्क्रीनकडे बघून उत्तर देता आलं असतं.

दाताच्या इनॅमलमधल्या प्रथिनांवरून आता कळतं, तान्ह्यांचंसुद्धा. त्याला पैसे लागतात, आणि पैशांच्या आधी सह्या. समजा कळलं, तर वहिनीला कळवायचं? तिला तेव्हा दवाखान्यात कुणी धड... जाऊ दे.

पण 'बरं' का म्हणाली? 'अय्या' नाही, 'मग तुम्ही शिकता काय' नाही. नुसतं बरं.

आत्ताच मेसेज आला. झोपली नाहीये तीही. "डोकं कुठल्या दिशेला ठेवायचे गं?"

मोठ्यांचं उत्तरेला, मी लिहिलं.

"म्हणूनच आपण तसं झोपत नाही."

झालं. यावर लोक परिसंवादात वीस मिनिटं पेपर वाचतात, ही एका ओळीत मोकळी. पुरावा विचारणार होते, पण स्माइली टाकून ऑफलाइन गेली.

माझी खाट उत्तर-दक्षिणच आहे, उशी उत्तरेला. फिरवता येत नाही, चार्जरचा प्लग तिकडेच आहे.