उन्हात तुटणारा क्लोरीन आणि आमची काळी जाळी

मार्च उलटला की आमच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या नोंदवहीत दोन उलट तक्रारी शेजारी शेजारी दिसायच्या. दुपारी शुद्ध होऊन संध्याकाळी सुटलेल्या पाण्याबद्दल ‘टोकाच्या वस्तीत ओटी निगेटिव्ह’ (ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, पाण्यात क्लोरीन असला की पिवळा रंग देणारी चाचणी; निगेटिव्ह म्हणजे क्लोरीन उरलाच नाही) आणि रात्री शुद्ध होऊन पहाटे सुटलेल्या पाण्याबद्दल ‘औषधाचा उग्र वास’. क्लोरीनची मात्रा मात्र दोन्ही वेळा तीच. तापीच्या खोऱ्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या केंद्रात मी केमिस्ट आहे. हा गोंधळ सुटेपर्यंत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते, कारण अशी उघडी केंद्रं आपल्याकडे गावोगाव आहेत.

आमच्याकडे नदीचं पाणी आधी कॅस्केडच्या पायऱ्यांवरून उतरतं आणि तिथेच त्यात पहिला क्लोरीन मिसळतो. पुढे तुरटी, फ्लॅश मिक्सर, मग क्लॅरिफ्लॉक्युलेटर. तिथे निवळायला दोन-अडीच तास जातात. निवळलेलं पाणी कडेच्या पन्हाळीत, म्हणजे लाँडरमध्ये पडतं आणि उघड्या चॅनलमधून फिल्टर बेडवर जातं. दुसरा क्लोरीन शेवटी, झाकलेल्या संपात, म्हणजे शुद्ध पाण्याच्या टाकीत. म्हणजे संपापर्यंतचा सगळा प्रवास उघड्या आभाळाखाली. पहिला क्लोरीन वाटेतच संपला की लाँडरमध्ये शेवाळ धरतं, वाळू लवकर चोंदते, बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं, वाढतो. शिवाय फिल्टरमधून येणाऱ्या पाण्यात उरलेला क्लोरीन दुपारी एक आणि रात्री भलताच असतो. संपातला डोस हाताने लावलेला, ठरावीक. त्यामुळे बेरीज कधीच सारखी येत नाही. ऑपरेटर दुपारी चावी वाढवणार, रात्री वासाची तक्रार आली की दुसऱ्या पाळीचा माणूस ती कमी करणार, आणि पुढच्या दुपारी पुन्हा शून्य.

सगळे म्हणायचे, उन्हाने क्लोरीन उडून जातो. कॅस्केडवर थोडा वायू हवेत जातो हे खरं, पण मोठा तोटा तिथे नाही. पाण्यात विरघळलेला क्लोरीन दोन रूपांत असतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. पीएच साडेसातच्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे. साडेआठला जवळजवळ नव्वद टक्के हायपोक्लोराइट. हे दुसरं रूप 292 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण सर्वात जास्त शोषतं, आणि जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हातले अतिनील किरण नेमके तिथूनच सुरू होतात. किरण शोषला की रेणू तुटतो आणि बहुतेक क्लोरीनचं साधं क्लोराइड होतं, म्हणजे मिठातलंच. जंतू मारण्याची ताकद गेली. उन्हाळ्यात याला आणखी जोड मिळते. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, हायपोक्लोराइटचा वाटा वाढतो, क्लोरीन आणखी लवकर तुटतो आणि शेवाळाला मोकळं रान मिळतं. पावसाळ्यात गढूळ पाणी किरणांना खोल जाऊ देत नाही, म्हणून तेव्हा ही अडचण जाणवत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी नितळ, सूर्य डोक्यावर आणि धरणात साठा कमी, हे तिन्ही एकदमच येतं.

हे कार्यालयात पटवायचं तर पुरावा हवा होता. आधी चाचणी बदलली. ओटीचा पिवळा रंग मोकळा आणि संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला, कमी ताकदीचा) क्लोरीन नीट वेगळा दाखवत नाही. अर्धा मिनिट उशीर झाला तरी आकडा फुगतो. त्या द्रावणाने आरोग्याला होणाऱ्या अपायाबद्दलच्या शंकाही जुन्या आहेत. आम्ही डीपीडी नावाच्या चाचणीवर आलो, गुलाबी रंगाची. मग साधा प्रयोग केला. क्लॅरिफायरच्या पाण्याने दोन पसरट घमेली भरली आणि दोन्ही पाणी वाहत असलेल्या उथळ हौदात ठेवली, म्हणजे तापमान सारखं राहील. एकावर बोटभर उंच लाकडी फळी, दुसरं उघडं. बाटल्या मुद्दाम घेतल्या नाहीत. साधी काच कामाचे अतिनील किरण बरेचसे अडवते आणि बाटलीतला क्लोरीन उन्हातही टिकलेला दिसतो. भर दुपारी तासाभरात उघड्या घमेल्यातला गुलाबी रंग जेमतेम उरला होता, फळीखालचा थोडाच फिका झाला होता. ऑपरेटर आप्पा दोन्ही नळ्या उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, आजवर आम्ही उगाच एकमेकांच्या पाळीला दोष देत होतो.”

एक सावधगिरी इथे सांगते. घमेलं वीतभर खोल, आमची टाकी काही मीटर. उथळ पाण्यात प्रत्येक थेंबाला ऊन लागतं, खोल टाकीत वरच्याच थराला. त्यामुळे घमेल्यातला तोटा टाकीला जसाच्या तसा लावायचा नाही. घमेलं कारण दाखवतं. टाकीचा आकडा टाकीतच, कॅस्केडनंतर, लाँडरवर आणि फिल्टरच्या तोंडाशी दिवसभर नमुने घेऊन काढायचा. तो काढल्यावर लक्षात आलं की सर्वात मोठी घसरण लाँडर आणि चॅनलमध्ये आहे, जिथे पाणी पातळ थराने वाहतं.

झाकायचं कशाने? वाचनात लॉस एंजेलिसचं उदाहरण आलं. तिथल्या आयव्हनहो जलाशयात ऊन, क्लोरीन आणि पाण्यातलं ब्रोमाइड मिळून ब्रोमेट हे घातक संयुग तयार होऊ नये, म्हणून 2008 मध्ये काळे पोकळ गोळे सोडले. 2015 पर्यंत मोठ्या लॉस एंजेलिस जलाशयावर असे 9 कोटी 60 लाख गोळे तरंगत होते. जलाशयाला ते चालतं. आमच्या क्लॅरिफायरवर पूल फिरतो, कडेने पाणी सांडतं. गोळे लाँडरमध्ये जाऊन अडकले असते. पत्र्याचं छप्पर महाग आणि जड, शिवाय आमच्या भागात मेमधल्या वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे पत्र्याचं काय सांगावं.

उत्तर शेजारच्या शिवारातच होतं. टिश्यूकल्चर केळीच्या रोपांसाठी शेडनेट उभारणारे मिस्त्री इथे भरपूर. त्यांच्यातल्या एकाला बोलावलं. त्याने टाकीभोवती फेरी मारली, वाऱ्याची दिशा विचारली आणि पहिलं वाक्य बोलला: “हिरवी नको, काळी घ्या, आणि टेप नको, मोनो घ्या.” काळ्या जाळीतला कार्बन तिलाच उन्हापासून वाचवतो, आणि गोल धाग्याची मोनो जाळी चपट्या पट्टीच्या जाळीसारखी लवकर फाटून तुकडे सोडत नाही. तुकडे पाण्यात पडणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पंचाहत्तर टक्के सावलीची, अतिनील-रोधक जाळी ठरली. ती वारा आरपार जाऊ देते.

कागदपत्रांत बराच काळ गेला. दरसूचीत जाळीची बाब नाही, कोणत्या लेखाशीर्षात टाकायचं हा प्रश्न, मग कोटेशन. लेखा विभागाने रास्त प्रश्न विचारला: वाचलेल्या क्लोरीनच्या पैशात खर्च कधी निघणार? खरं सांगायचं तर केवळ क्लोरीनच्या बचतीवर हा प्रस्ताव टिकत नाही. टनरमधला, म्हणजे मोठ्या सिलिंडरमधला, वायू तसा स्वस्त असतो. मी टिपणी नव्याने लिहिली. बॅकवॉशला जाणारं शुद्ध पाणी, उन्हाळ्यातला टँकर आणि टोकाच्या नळावर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हे भारतीय मानक, असा क्रम लावला. जास्त डोसामुळे ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं वाढतात, हेही घातलं. त्यावर मंजुरी मिळाली.

पूर्ण क्लॅरिफायर झाकायचा हट्ट धरला नाही. लाँडरचं कडं, चॅनल आणि फिल्टर बेड एवढंच घेतलं. उभारताना दोन-तीन गोष्टी कळल्या. अतिनील किरणांचा मोठा वाटा साऱ्या आकाशातून विखरून येतो, म्हणून फक्त डोक्यावर जाळी पुरत नाही. ती काठाच्या बाहेर चांगली लांब न्यावी लागते. पण बाजू पूर्ण बंद करायच्या नाहीत. क्लोरीन वायू हवेपेक्षा अडीच पट जड, बंदिस्त जागेत तळाशी साचतो. जाळी ताणलेली आणि उतरती हवी, नाहीतर पक्षी बसतात आणि विष्ठा थेट पाण्यात. आणि आप्पांनी आग्रहाने एक खिडकी ठेवायला लावली, कारण तुरटीच्या गुठळ्या कशा बसतात हे डोळ्यांनी बघूनच ते डोस ठरवतात. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

त्या उन्हाळ्यात फिल्टरच्या तोंडाशी दुपारचा आणि पहाटेचा आकडा पहिल्यांदा जवळ आला. चावी दिवसातून कितीदा फिरवायची हा वाद थांबला आणि पहिल्या क्लोरीनची मात्रा आम्हाला खाली आणता आली. लाँडर घासायला लागणारी माणसं आता कधीमधीच लागतात. टोकाच्या वस्तीतल्या आशाताईंनी स्वतः फोन करून सांगितलं की संध्याकाळच्या पाण्याच्या चाचणीत रंग येतोय. मला सर्वात जास्त समाधान त्या फोनचं झालं.

कॅस्केडजवळच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारा मात्र क्लोरीनच्या वाफेने लवकर गंजल्या. तिथे आता प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार आहे. जाळी चौकोनी तुकड्यांत आहे, प्रत्येक तुकडा चार हुकांवर, म्हणजे वादळाचा इशारा आला की दोन माणसं ती पटकन गुंडाळू शकतात. जूनमध्ये पाणी गढूळ झालं की जाळी उतरवून धुऊन ठेवतो, ऑक्टोबर हीटच्या आधी पुन्हा चढवतो आणि चढवताना प्रत्येक तुकडा ओढून बघतो. हातात धागे आले की तो बाद. आता पत्र्याच्या शेडमधल्या टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पोत्यांचं बघायचं आहे. तिथली उष्णताही पावडरची ताकद खाते, आणि त्यासाठीची टिपणी लिहायला घेतली आहे.